देवराज्य अंतरी असणे म्हणजे काय

लूककृत शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात एक छोटे प्रश्नोत्तर आले आहे. परुशी, म्हणजे मोशेच्या नियमशास्त्राचे काटेकोर पालन करणारा यहुदी धर्मपंथ, येशूला विचारतात की देवाचे राज्य केव्हा येणार. आणि येशू त्यांना सांगतो की बाह्य चिन्हांवर पाळत ठेवून ते हाती लागायचे नाही, बोट दाखवून त्याची जागाही कोणाला सांगता यायची नाही, कारण ते त्यांच्याच ठायी आहे. हे उत्तर अवघ्या दोन वाक्यांचे असले तरी ख्रिस्ती विचारपरंपरेतील एका मोठ्या प्रवाहाचा उगम त्यात आहे. देवाचे राज्य श्रद्धावंताच्या अंतःकरणात वसते, ही कल्पना त्यातून उदय पावली आणि मठांतील तपस्वी, विद्यापीठांतील प्राध्यापक, युद्धाला नकार देणारे शांततावादी आणि दुष्काळात पोरक्या मुलींना आश्रय देणारे सेवाव्रती या सर्वांनी तिचा आधार घेतला. मात्र याच कल्पनेचा आश्रय घेऊन अनेकांनी जगाच्या दुःखाकडे पाठही फिरवली. एकाच वचनातून इतकी परस्परविरोधी आचरणे का निघावीत, हा प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि त्याचे उत्तर ‘अंतरी’ या शब्दापेक्षा ‘राज्य’ या शब्दात अधिक सापडते. अंतरी वसणारी गोष्ट जर राज्य असेल, तर ती खाजगी राहूच शकत नाही. आणि ती खाजगी राहिली, तर तिथे राज्य दुसऱ्याच कोणाचे तरी चालू आहे असे समजावे लागते, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

प्रथम मूळ शब्दांचा विचार करणे आवश्यक आहे. लूकने येथे ‘एन्तोस’ हे ग्रीक अव्यय वापरले असून संपूर्ण नव्या करारात ते केवळ दोनदा येते. दुसरे स्थळ मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात आहे आणि तेथे त्याचा अर्थ वाटीची आतली बाजू असा स्पष्ट आहे. शिवाय ‘लोकांच्या मध्ये’ असे म्हणायचे असते तेव्हा लूक इतरत्र ‘एन् मेसो’ असा वेगळा शब्दप्रयोग करतो. त्यामुळे ‘तुमच्या आत’ हा अर्थ भाषेच्या दृष्टीने बळकट ठरतो, आणि मार्टिन ल्यूथरने १५२२च्या जर्मन भाषांतरात व इंग्लंडमधील विद्वानांनी १६११च्या राजमान्य भाषांतरात तोच स्वीकारला. उलट बाजूने असे म्हटले जाते की ‘तुमच्या’ हे सर्वनाम अनेकवचनी आहे आणि समोर उभे असलेले श्रोते शिष्य नसून विरोधक आहेत. त्यांच्या हृदयात देवाचे राज्य आहे असे येशू कसे म्हणेल? म्हणून विसाव्या शतकातील अनेक भाषांतरकारांनी ‘तुमच्या मध्ये’, म्हणजे येशूच्या रूपाने तुमच्यासमोर उभे, असा अर्थ पसंत केला. ‘तुमच्या आवाक्यात’ असा तिसरा अर्थही काही अभ्यासक सुचवतात. मराठीतील ‘तुमच्यामध्ये’ हा शब्द या वादात विशेष अर्थपूर्ण ठरतो, कारण एखाद्याच्या अंगी गुण असणे आणि लोकांच्या समुदायात एखादी व्यक्ती असणे, या दोन्हींसाठी मराठी माणूस तोच शब्द वापरतो. भाषेने येथे जी संदिग्धता जपली आहे, ती मूळ वचनाला जवळची आहे, हे पुढील विवेचनात दिसेल.

दुसरा शब्द ‘बसिलेआ’. याचे भाषांतर ‘राज्य’ असे केले जाते आणि मराठी वाचकाच्या मनात सीमा, किल्ले आणि राजधानी असलेला प्रदेश उभा राहतो. परंतु या ग्रीक शब्दामागील हिब्रू ‘मलकूथ’ आणि अरामी ‘मलकूथा’ हे शब्द प्रदेशापेक्षा राजाच्या सत्तेचा, त्याच्या राज्य करण्याच्या क्रियेचा निर्देश करतात. देवाचे राज्य म्हणजे देवाचे राजेपण, त्याची इच्छा जेथे प्रत्यक्ष चालते ती अवस्था. हा अर्थ घेतला की ‘राज्य कोठे आहे’ या प्रश्नाचे रूप बदलते आणि ‘तेथे आज्ञा कोणाची चालते’ असा प्रश्न पुढे येतो. परुशांच्या प्रश्नाला दिलेल्या उत्तरात ‘परातेरेसिस’ असा जो शब्द आहे, तो ग्रीक भाषेत वैद्याने रोगलक्षणांवर आणि ज्योतिर्विदाने ताऱ्यांवर ठेवलेल्या पाळतीसाठी वापरला जात असे. लक्षणे पाहून भविष्य ओळखणारा निरीक्षक स्वतः त्या घटनेबाहेर उभा असतो. येशूचे उत्तर विचारणाऱ्याला या बाहेरच्या जागेवरून खाली उतरवते, कारण सत्ता मान्य करायची की नाही हा निर्णय विचारणाऱ्याचाच असतो.

या शब्दाचा ऐतिहासिक संदर्भही विसरता येत नाही. येशूच्या काळी पॅलेस्टाईन रोमन साम्राज्याच्या ताब्यात होते. इ.स. ६मध्ये रोमन शिरगणती झाली तेव्हा गालीलच्या यहुदाने, देवाखेरीज कोणाला धनी मानणे हा अधर्म आहे या भूमिकेवरून, बंड उभारले होते. अशा देशात देवाच्या राजेपणाची घोषणा करणे ही केवळ भाविक उक्ती राहत नाही. जो देवाला राजा म्हणतो तो कैसराच्या सत्तेची मर्यादा सांगत असतो. येशूने तलवारीचा मार्ग नाकारला, पण शब्द बदलला नाही. रोमन सुभेदार पिलात याच्यासमोर त्याने आपले राज्य या जगाचे नाही असे सांगितल्याचे योहान आपल्या शुभवर्तमानात नोंदवतो, आणि तेथेही भर राज्याच्या उगमावर आहे: ती सत्ता या जगातून निघालेली नाही, म्हणून ती या जगाच्या साधनांनी लढत नाही. तिचा अंमल जगावर नाही, असा त्याचा अर्थ होत नाही.

भारतीय वाचक ‘अंतरीचे देवराज्य’ हे शब्द ऐकतो तेव्हा त्याला स्वाभाविकपणे अंतर्यामी परमात्म्याची आठवण होते. भगवद्गीतेत ईश्वर सर्व भूतांच्या हृदयात वास करतो असे सांगितले आहे, आणि अद्वैत वेदान्त त्याही पुढे जाऊन जीव आणि ब्रह्म यांच्यातील भेद अविद्याजन्य मानतो. या साम्यामुळे संवादाची वाट मोकळी होते, पण भेदही स्पष्ट असणे हिताचे आहे. ख्रिस्ती परंपरेच्या मुख्य प्रवाहात अंतरीचे राज्य म्हणजे आत्म्याने आपले मूळचे दैवी स्वरूप ओळखणे असे मानलेले नाही. तेथे राजा आणि प्रजा यांतील भेद कायम राहतो. देव मनुष्यात वास करतो तो धनी म्हणून, आणि मनुष्य त्याला जागा देतो ती आपली सत्ता सोडून देऊन. पौल प्रेषिताने आपल्यातील जुना मनुष्य मरून ख्रिस्त आपल्यात जगतो अशा आशयाचे लिहिले, तेव्हा त्याचा रोख ज्ञानापेक्षा स्वामित्वाच्या बदलाकडे होता. अंतर्मुख होणे हे येथे साधन आहे. साध्य आहे ते आज्ञापालन.

हा विचार प्रथम व्यवस्थितपणे मांडणाऱ्यांत अलेक्झांड्रियाचा ओरिगेन अग्रणी होता. तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात प्रार्थनेवर लिहिलेल्या ग्रंथात, प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतील राज्य येण्याच्या मागणीचा अर्थ लावताना, तो लूकच्या वचनाकडे वळतो आणि सांगतो की ही मागणी करणारा मनुष्य आपल्या आत असलेले राज्य उगवावे, फळावे आणि पूर्णत्वास जावे असे मागत असतो. लगेचच तो पौलाच्या रोमकरांस पत्रातील विचाराचा आधार घेऊन पापाच्या राज्याची गोष्ट काढतो, कारण त्याच्या मते एका हृदयात देवाचे आणि पापाचे अशी दोन राज्ये एकत्र नांदू शकत नाहीत. ओरिगेनच्या दृष्टीने अंतःकरण हे विश्रांतीचे दालन नसून वादात असलेला मुलूख आहे, आणि तेथे कोणाचा अंमल बसतो यावर माणसाच्या हातून काय घडेल ते ठरते. याच ओरिगेनने ख्रिस्ताला ‘औटोबसिलेआ’, म्हणजे स्वतःच राज्यस्वरूप असलेला, असेही म्हटले आहे. म्हणजे राज्य ‘आत’ आहे आणि राज्य ‘समोर उभे’ आहे, हे आज परस्परविरोधी वाटणारे दोन्ही अर्थ त्याच्या विचारात सुखाने एकत्र राहतात.

चौथ्या शतकातील नीसाचा ग्रेगरी या कल्पनेला अधिक ठोस रूप देतो. येशूच्या एका दाखल्यात एका स्त्रीचे नाणे घरातच हरवते आणि ती दिवा लावून, घर झाडून ते शोधते. ग्रेगरी म्हणतो की ते नाणे म्हणजे मनुष्यात कोरलेली आपल्या राजाची प्रतिमा होय. ती नष्ट झालेली नसून केराखाली दडली आहे, आणि राज्य अंतरी आहे याचा अर्थ असा की शोध घराबाहेर करायचा नाही. ही प्रतिमा सुंदर आहे, परंतु तिचे खरे मोल ग्रेगरीच्या दुसऱ्या एका लेखनात कळते. उपदेशक या जुन्या करारातील ग्रंथावर प्रवचने करताना त्याने गुलामगिरीच्या प्रथेवर जो हल्ला चढवला, तो प्राचीन जगात अत्यंत दुर्मीळ होता. त्याचा युक्तिवाद सरळ होता: मनुष्य देवाची प्रतिमा असेल तर ती विकत घेणाऱ्याने तिची किंमत कोणत्या नाण्यात मोजली, आणि जे देवाचे आहे त्याच्या विक्रीचा दस्तऐवज कोण करून देऊ शकतो? प्रत्येक अंतःकरणात राजाची मुद्रा आहे असे ज्याने मानले, त्याला बाजारात माणसांचा लिलाव पाहून गप्प बसता आले नाही. अंतरीच्या राज्याचे तत्त्व आणि गुलामगिरीचा निषेध या ग्रेगरीच्या दोन वेगळ्या आवडी नव्हत्या. दुसरी गोष्ट पहिलीचा निष्कर्ष होती.

अंतर्मुख अर्थाकडे लोक पुन्हापुन्हा का वळले हे समजण्यासाठी बाह्य अर्थाचा इतिहासही पाहावा लागतो. इ.स. ३३६मध्ये कैसरियाचा बिशप युसेबियस याने सम्राट कॉन्स्टंटाइनच्या कारकिर्दीच्या तिसाव्या वर्षाच्या उत्सवात भाषण करताना सम्राटाचे राज्य हे स्वर्गीय राज्याचे प्रतिबिंब असल्याचे सांगितले, आणि छळ सोसलेल्या धर्माने सिंहासनाशी जोडलेले नाते कसे मोहक असते ते दाखवून दिले. सोळाव्या शतकात जर्मनीतील म्युन्स्टर शहरात याच्या उलट दिशेचा प्रयोग झाला. तेथे १५३४मध्ये ॲनाबॅप्टिस्ट पंथाच्या, म्हणजे प्रौढ वयातील बाप्तिस्माच खरा मानणाऱ्या पंथाच्या, एका जहाल गटाने सत्ता हस्तगत करून नवे यरुशलेम स्थापन झाल्याची घोषणा केली, लायडनच्या यानला राजा केले आणि विरोधकांचे शिरच्छेद केले. १५३५च्या जूनमध्ये शहर पडले, पुढाऱ्यांना हाल करून मारण्यात आले आणि त्यांची प्रेते ज्या लोखंडी पिंजऱ्यांत टांगली ते पिंजरे सेंट लँबर्टच्या चर्चच्या मनोऱ्यावर आजही आहेत. दरबारी पुरोहिताची स्तुती आणि बंडखोराची तलवार या दोहोंत एक चूक समान होती: देवाची सत्ता कोठे चालते ते बोट दाखवून सांगता येते, अशी त्यांची खात्री होती, आणि लूकच्या वचनाने नेमके तेच बोट नाकारले आहे.

या चुकीवरील उपाय म्हणून राज्याला पूर्णपणे अंतःकरणात हलवावे, हा विचार समजण्यासारखा आहे, पण त्याने दुसरे संकट ओढवून घेतले. ल्यूथरने १५२३मध्ये ऐहिक सत्तेच्या मर्यादांवर लिहिताना देव दोन प्रकारे राज्य करतो असे प्रतिपादन केले: शुभवर्तमानाद्वारे अंतःकरणांवर आणि कायदा व दंड यांद्वारे बाह्य जीवनावर. राजाने विवेकावर हुकूम गाजवू नये हा त्यामागील हेतू मोलाचा होता. परंतु पुढील शतकांत या भेदाचा उपयोग उलट दिशेने होऊ लागला. विवेकाने राजाच्या कारभारात लक्ष घालू नये असे त्यातून सुचवले जाऊ लागले. १८९९-१९००च्या हिवाळ्यात बर्लिन विद्यापीठात अडोल्फ फॉन हार्नाक या थोर इतिहासकाराने ख्रिस्ती धर्माच्या सारतत्त्वावर सोळा व्याख्याने दिली. देवाचे राज्य व्यक्तीच्या आत्म्यात प्रवेश करते, आणि देव व आत्मा यांच्या संबंधात त्याचा गाभा आहे, अशी त्याची मांडणी होती. ती मांडणी उदात्त होती आणि हजारो वाचकांना तिने आधार दिला. पण १९१४ साली महायुद्ध सुरू झाले तेव्हा त्याच हार्नाकने जर्मन सम्राटाने जनतेला उद्देशून काढलेल्या आवाहनाचा मसुदा तयार करण्यास हातभार लावला आणि जर्मन लष्कराच्या कृतींचे समर्थन करणाऱ्या ९३ विद्वानांच्या पत्रकावर सहीही केली. आत्म्यातील राज्याला युद्धाच्या निर्णयात काहीही म्हणायचे नव्हते.

स्वित्झर्लंडमधील तरुण धर्मोपदेशक कार्ल बार्ट याला त्या पत्रकावर आपल्या अनेक गुरूंची नावे दिसली आणि त्यांच्या धर्मशास्त्रावरचा त्याचा विश्वास ढासळला. वीस वर्षांनी, मे १९३४मध्ये, नाझी राजवटीच्या दडपणाखालील जर्मन मंडळ्यांच्या प्रतिनिधींनी बार्मेन येथे जे जाहीरनामापत्र संमत केले, त्याचा प्रमुख लेखक बार्टच होता. जीवनाची काही क्षेत्रे ख्रिस्ताऐवजी दुसऱ्या धन्यांच्या ताब्यात असतात, या शिकवणीचा त्यात स्पष्ट धिक्कार करण्यात आला. त्या पत्रात यहुद्यांच्या छळाचा उल्लेखही नव्हता आणि ही त्याची मोठी उणीव होती. तरीही विचाराची दिशा त्याने अचूक दाखवली. अंतःकरण हे एक क्षेत्र आणि राज्यकारभार हे दुसरे क्षेत्र, अशी वाटणी एकदा मान्य केली की अंतरीच्या राजाला एका खोलीत कोंडले जाते, आणि खोलीत कोंडलेला राजा हा कैदी असतो.

अंतर्मुख अर्थावर विद्वानांनी घेतलेला आक्षेप वेगळ्या प्रकारचा आहे. योहानेस वाइस याने १८९२मध्ये दाखवून दिले की येशूच्या तोंडी देवाचे राज्य म्हणजे भविष्यात देवाने घडवून आणलेली जगाची उलथापालथ होती, आणि एकोणिसाव्या शतकातील सुशिक्षितांनी त्यात आपली नीतिमत्ता वाचली. फ्रेंच अभ्यासक आल्फ्रेड लुआझी याने १९०२मध्ये हार्नाकला उत्तर देताना लूकच्या एका वचनावर सारा धर्म उभा करणे अन्याय्य ठरवले आणि राज्याच्या सामूहिक स्वरूपावर भर दिला. हे आक्षेप वजनदार आहेत. शुभवर्तमानांत राज्य पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून आलेल्या लोकांच्या पंगतीसारखे रंगवले आहे, आणि एकट्याची पंगत होत नाही. परंतु त्याच शुभवर्तमानांत खमिराचा दाखलाही आहे. एक स्त्री तीन मापे पिठात खमीर दडवते आणि सगळे पीठ फुगते. ही तीन मापे सुमारे ४० लिटर भरतात. एका घराची गरज त्याहून कितीतरी लहान असते, म्हणजे ही भाकरी गावजेवणाची आहे. खमीर दिसत नाही, ते पिठाच्या आत असते, पण त्याचे आत असणे पिठाला बदलण्यासाठीच असते. पीठ जसेच्या तसे राहिले तर खमीर आत होते असे कोणी म्हणणार नाही. अंतरीचे आणि भावी, वैयक्तिक आणि सामूहिक, हे भेद या दाखल्यात एकाच क्रियेचे टप्पे होतात.

आणखी एक शंका उरते. राज्य अंतरी असेल तर प्रत्येकाने आपल्या मनातील लहर देवाची आज्ञा म्हणून सांगितली तर तिला अडवणार कोण? म्युन्स्टरच्या पुढाऱ्यांनाही देववाणी ऐकू येत असेच. या शंकेचे उत्तर अंतर्मुखतेच्या सर्वात खोल साधकांनीच दिले आहे. स्पेनमधील आविलाच्या संत तेरेसा यांनी १५७७मध्ये आत्म्याची तुलना एका किल्ल्याशी करणारा ग्रंथ लिहिला. त्यात सात महाल आहेत आणि सर्वांत आतल्या महालात राजा वसतो. वाचकाची अपेक्षा असते की तेथे पोहोचलेला साधक समाधीत निश्चल होईल, पण तेरेसा सातव्या महालाचे वर्णन करताना सांगतात की या ऐक्याचे प्रयोजन कर्म आहे, आणि येशूच्या चरणाशी बसून ऐकणारी मरिया व स्वयंपाकघरात राबणारी मार्था या दोघी बहिणींनी तेथे एकत्र यायला हवे. तंद्री, दर्शने आणि अश्रू यांना त्या पुरावा मानत नाहीत. शेजाऱ्यावरील प्रेम आणि नम्रता यांना मानतात. आतल्या राज्याची खूण बाहेर तपासायची, हा नियम असा अंतर्मुखतेच्या शिखरावरूनच सांगितला गेला आहे.

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्सच्या उपदेशातून उभा राहिलेला क्वेकर पंथ, ज्याला मित्रमंडळ असेही म्हणतात, या नियमाला सामूहिक रूप देतो. प्रत्येक मनुष्यात ख्रिस्ताचा प्रकाश असतो असे मानणाऱ्या या पंथात पुरोहित नाहीत. लोक एकत्र निःशब्द बसतात, आणि एखाद्याला जे सुचते ते सभेच्या विवेकासमोर ठेवतात. अंतरीचा प्रकाश ‘तुमच्या’ या अनेकवचनात पारखला जातो. १६८८मध्ये पेन्सिल्व्हेनियातील जर्मनटाउन येथे चौघांनी गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध सादर केला. अठराव्या शतकात जॉन वूलमन या शिंप्याने आणि लेखनिकाने गुलामांची मालकी हस्तांतरित करणारी कागदपत्रे लिहिण्यास नकार दिला आणि घरोघरी जाऊन मालकांशी शांतपणे बोलण्यात आयुष्य वेचले. १७७६मध्ये फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने सदस्यांना गुलाम बाळगण्यास मनाई केली. पहिल्या निषेधापासून या निर्णयापर्यंत ८८ वर्षे गेली, आणि त्या काळात माणसे जन्मली, विकली गेली आणि गुलामीतच मेली, हे सत्य अंतरीच्या प्रकाशावर विसंबणाऱ्यांनी विसरू नये. परंतु हेही खरे आहे की ज्या मालकांना कायदा भाग पाडत नव्हता त्यांनी आपली मालकी सोडली, कारण हिशेब मागणारा त्यांच्या आत होता.

आधुनिक काळात या वचनाला सर्वाधिक प्रसिद्धी दिली ती लिओ टॉलस्टॉय यांनी. देवाचे राज्य तुमच्या अंतरी आहे, हेच ज्याचे शीर्षक आहे असा त्यांचा ग्रंथ १८९३मध्ये पूर्ण झाला आणि रशियात सेन्सॉरने मनाई केल्यामुळे १८९४मध्ये जर्मनीत प्रसिद्ध झाला. शेतकऱ्यांना फटके मारण्यासाठी निघालेल्या सैनिकांची आगगाडी त्यांना वाटेत भेटली, त्या प्रसंगाचे विश्लेषण ग्रंथाच्या शेवटी आहे. गव्हर्नरपासून शिपायापर्यंत प्रत्येकजण जबाबदारी दुसऱ्यावर ढकलतो, आणि म्हणून कोणालाही वैयक्तिकरीत्या क्रूर नसताना क्रूरता करता येते, असे ते दाखवतात. राज्यसंस्थेची हिंसा सामान्य माणसाच्या आज्ञाधारकतेवर उभी असते. म्हणून ज्या क्षणी एखादा शिपाई आतल्या आज्ञेला श्रेष्ठ मानून बंदूक खाली ठेवतो, त्या क्षणी साम्राज्याच्या पायातील एक दगड हलतो. अंतरीचे राज्य राजकीयदृष्ट्या निरुपद्रवी आहे असे मानणाऱ्यांना रशियन सेन्सॉरने परस्पर उत्तर दिले होते. तथापि टॉलस्टॉय यांच्या मांडणीत एक पोकळी आहे. त्यांनी चमत्कार, संस्कार आणि मंडळी यांबरोबर कृपेची, म्हणजे पात्रता नसताना देवाकडून मिळणाऱ्या साहाय्याची, कल्पनाही जवळजवळ बाजूला सारली. मग राज्याचा सारा भार एकट्या माणसाच्या संकल्पशक्तीवर पडतो. जो चुकतो, त्याला उचलून धरणारे कोणी उरत नाही.

हा ग्रंथ दक्षिण आफ्रिकेत असताना मोहनदास गांधी यांनी वाचला आणि त्याने आपण भारावून गेलो असे त्यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. १९०९मध्ये लिहिलेल्या ‘हिंद स्वराज’च्या शेवटी वाचनीय पुस्तकांच्या यादीत त्यांनी त्याचा समावेश केला, आणि पुढच्याच वर्षी जोहान्सबर्गजवळ हर्मन कॅलनबाख यांनी दिलेल्या जमिनीवर सत्याग्रही कुटुंबांसाठी जी वसाहत उभी राहिली तिला टॉलस्टॉय यांचे नाव दिले. ‘हिंद स्वराज’मध्ये स्वराज्याचा अर्थ स्वतःवरील राज्य असा केला आहे, आणि आपल्यावर राज्य करता न येणाऱ्यांनी राज्यकर्ते बदलून काही साधत नाही, हा त्यातील आग्रह टॉलस्टॉय यांच्या विचाराशी नाते सांगतो. येथे ख्रिस्ती कल्पना आपल्या मूळ भूमीबाहेर पडून एका अन्य धर्मीयाच्या हातून सामुदायिक प्रतिकाराचे रूप घेते. गांधींचा ‘आतला आवाज’ आणि ख्रिस्ती देवराज्य यांत भेद आहेत; पण विवेकाचा अंमल आत पक्का झाल्यावर बाहेरच्या सत्तेचे भय उरत नाही, ही गोष्ट दोहोंत समान आहे.

महाराष्ट्रात या कल्पनेचा अनुभव दोन थोर जीवनांत स्पष्ट दिसतो. पंडिता रमाबाई यांनी १८८३मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, पण आपल्याला तेव्हा ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, असे त्यांनी नंतर आपल्या निवेदनात मांडले. अंतःकरणाला शांती देणारा अनुभव त्यांना सुमारे आठ वर्षांनी आला. शिकवण मान्य करणे आणि तिचा अंमल आत बसणे यांतील अंतर त्यांनी इतक्या प्रामाणिकपणे नोंदवले हे विशेष आहे. या अनुभवानंतर त्या अंतर्मुख होऊन बसल्या नाहीत. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी उपासमारीने गांजलेल्या मुलींना आणि विधवांना केडगावला आणले, त्यांना लिहिण्यावाचण्याबरोबर हातमाग, छपाई, शेती यांसारखे उद्योग शिकवले, आणि आयुष्याची अखेरची वर्षे हिब्रू व ग्रीक भाषांतून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्यात घालवली. ज्यांचे समाजातील स्थान घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यापुरते होते त्या स्त्रियांच्या आत राजा वसतो, असे मानल्यावर त्यांना समजणार नाही अशा भाषेत राजाचे शब्द ठेवणे रमाबाईंना मान्य होण्यासारखे नव्हते.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे वीसहून अधिक वर्षे मिशनच्या चाकरीत काम केले. १९१७मध्ये ती पगारी चाकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ नावाचा एक बंधुसंघ सुरू केला, आणि बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात स्थान दिले. ‘राज्य’ या शब्दाऐवजी ‘दरबार’ हा शब्द योजण्यात मोठे मर्म आहे. दरबारात राजा समोर असतो, भेट प्रत्यक्ष घडते, गाऱ्हाणे तेथेच मांडले जाते, आणि तेथे माणूस एकटाही नसतो. भक्तीच्या अंतर्मुख अनुभवाला टिळकांनी मराठी संतपरंपरेतून आलेली भाषा दिली, पण तो अनुभव एका सार्वजनिक संघात राहावा असा आग्रहही धरला. मंडळीच्या नोंदवहीत ज्यांचे नाव नाही अशांतही ख्रिस्ताचा अंमल असू शकतो, हे मान्य करण्याचे धैर्य त्यात होते. परुशांसारख्या विरोधकांना उद्देशून ‘तुमच्यामध्ये’ म्हणणाऱ्या वचनाशी ते सुसंगतच होते. टिळक १९१९मध्ये निवर्तले आणि दरबाराला दीर्घ आयुष्य लाभले नाही, परंतु त्यांनी दाखवलेली दिशा अजूनही जुनी झालेली नाही.

या सर्व उदाहरणांतून एक निकष हाती येतो. राज्य अंतरी आहे असे सांगणाऱ्या व्यक्तीला किंवा मंडळीला तिच्या भावनांची तीव्रता विचारण्याचे कारण नाही. तिच्या जीवनात कोणती गोष्ट त्या राजाच्या शब्दावरून सुटली, कोणता फायदा नाकारला गेला, कोणता परका आपला झाला, हे विचारावे. भारतातील ख्रिस्ती मंडळ्यांनाही हा प्रश्न लागू आहे, कारण अंतरीच्या ख्रिस्ताविषयी मनापासून गाणाऱ्या समुदायांतही जातीचे भेद टिकून राहिले आहेत, आणि जेथे बसण्याची जागा जन्मावरून ठरते तेथे सिंहासनावर देव नसून जुनाच धनी बसलेला असतो. त्याचबरोबर हा निकष निराशेकडे नेऊ नये म्हणून प्रार्थनेतील राज्य येण्याची मागणी लक्षात ठेवावी लागते. ज्यांच्या ठायी राज्य आहे असे सांगितले, त्यांनाच ते येवो असे दररोज मागायला शिकवले आहे. जे पूर्णपणे हाती आहे ते कोणी मागत नाही, आणि ज्याचा मागमूसही नाही ते मागण्याचे बळ कोणाला येत नाही. परुशांनी ‘केव्हा’ असे विचारले होते. या मागणीत त्या प्रश्नाचा काळ भविष्यातून आजच्या दिवसात येतो, आणि उत्तर देण्याची जबाबदारी विचारणाऱ्यावर येऊन पडते. ती जबाबदारी एकट्याची नाही, कारण मूळ सर्वनाम अनेकवचनी आहे. आणि ‘तुमच्यामध्ये’ या मराठी शब्दात हृदय आणि समुदाय हे दोन्ही अर्थ जोवर एकत्र नांदत आहेत, तोवर मराठी वाचकाला त्यांपैकी एक निवडून दुसरा टाकून देण्याची मुभा त्याची स्वतःची भाषाच देत नाही.